पोटात किती मावतं आणि उतरवायचं कुठं?

कोहमाऱ्याच्या चौकात अर्धा तास थांबलं तरी मालवाहतुकीची सगळी गोम कळते. मुंबई-कोलकाता रस्ता म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडचा 'सहा नंबर', साकोली-सौंदडकडून इथं येतो आणि देवरीमार्गे छत्तीसगडात शिरतो. त्याला छेदणारा रस्ता एकीकडे गोरेगाव-गोंदियाला जातो, दुसरीकडे नवेगावबांध, अर्जुनी-मोरगाव आणि पुढं वडसा-गडचिरोलीला. महामार्गावरचा बहुचाकी ट्रेलर पंचवीस-तीस टन ओढतो, 'छोटा हत्ती' पाऊण टन. पण रोवणीच्या दिवसांत आतल्या एखाद्या टोलीवर खताची पोती पोचवायची, तर ट्रेलर हायवेवरच उभा राहतो आणि पाऊण टनवाल्याचा भाव वाढतो.

लष्करी मालवाहू विमानांचंही असंच आहे. दिल्लीहून लेहपर्यंत रणगाडा नेणारं विमान वेगळं, आणि लेहच्या पुढं, जिथं खरोखर गोळी चालते त्या टापूत, दारूगोळा, रॉकेल, पीठ आणि जखमी यांची ने-आण करणारं वेगळं. पहिल्याचं मोजमाप टन आणि किलोमीटर यांत करता येतं. दुसऱ्याचं मोजमाप करताना भल्याभल्या हवाई दलांची फसगत झाली आहे.

विदर्भात हा विषय २०२२मध्ये पेपरांच्या पहिल्या पानावर होता, पण वेगळ्याच कारणानं. सप्टेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारनं एअरबसशी ५६ सी-२९५ विमानांचा सुमारे २१,९३५ कोटी रुपयांचा करार केला. १६ विमानं स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार येणार, उरलेली ४० टाटा समूह भारतात बांधणार. हा कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये येईल, असं राज्याच्या उद्योगमंत्र्यांनी सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२२मध्ये तो वडोदऱ्याला जात असल्याचं जाहीर झालं आणि 'प्रकल्प पळवला' म्हणून महिनाभर रान उठलं. रोजगाराचा प्रश्न खराच होता. मात्र त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही: हे विमान नेमकं करणार काय, आणि ते त्या कामाला योग्य आहे का?

उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं, आणि पहिलाच मुक्काम मराठी पलटणीपाशी होतो.

मार्च १९४४. मणिपूरच्या उखरुल भागात सांगशाक नावाच्या उघड्या टेकडीवर ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपानी फौजेनं घेरली होती. तिच्यासोबत लढत होती चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. टेकडीवर पाणी नव्हतं. वरून डाकोटा विमानं येत, पॅराशूटनं रसद टाकत. पण घेऱ्याचं आवार इतकं चिंचोळं की बरीचशी रसद बाहेर, जपान्यांच्या हाती पडे. आपल्याच विमानातून आपलंच पाणी शत्रूच्या रांगेत उतरताना मराठ्यांनी पाहिलं. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांना जंगलातून माघार घ्यावी लागली. त्या काही दिवसांच्या झुंजीनं इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला मोलाचा वेळ मिळाला, हे नंतर सर्वांनी मान्य केलं. विमानतळावरून किती टन माल निघाला याची नोंद त्या दिवसांतही होत असे. सांगशाकच्या खंदकात किती पोचला, तो आकडा फार वेगळा होता.

याच मोहिमेत उलटा दाखलाही सापडतो. इंफाळला वेढा पडल्यावर एप्रिल ते जून १९४४ या काळात विमानांनी सुमारे १९ हजार टन सामान आणि १२ हजारांवर जवान आत नेले. तितकंच महत्त्वाचं म्हणजे परतीच्या फेरीत सुमारे १३ हजार जखमी-आजारी आणि ४३ हजार बिनलढाऊ माणसं बाहेर काढली. आत खाणारी तोंडं कमी झाली म्हणजे रोजची लागणारी रसदही कमी झाली. इंफाळला धावपट्टी होती म्हणून हे जमलं. हवेतून माल टाकणारी विमानं रिकामी परततात. उतरलेल्या विमानांची परतीची फेरीही कामाची ठरते. रणक्षेत्रातल्या वाहतुकीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो, हा धडा तिथला.

डाकोटाचं एक दुखणं जवळून बघण्यासारखं आहे. हे विमान जमिनीवर शेपूट टेकून उभं राही, त्यामुळं आतली फरशी चढणीची. दार बाजूला, तेही जमिनीपासून उंच. पोती चढवायची म्हणजे दारातून वर द्यायची, मग तिरप्या फरशीवरून पुढं ढकलायची, वजन पुढं-मागं झालं तर विमान डोकं वर काढतं म्हणून पुन्हा सरकवायची. हवेतून टाकताना उघड्या दारापाशी बसून पोती पायांनी रेटणारे जवान वेगळे. तोफ किंवा जीप आत घालायची तर मोठीच कसरत.

म्हणून १९५०च्या दशकात आपल्या हवाई दलानं घेतलेलं अमेरिकी फेअरचाइल्ड पॅकेट हे विमान लोडरांना देणगी वाटलं असेल. दोन शेपट्यांच्या मधोमध लटकलेला चौकोनी डबा, सपाट फरशी, मागून उघडणारं दार, आणि फरशीची उंची ट्रकच्या हौद्याइतकी. ट्रक मागं घ्या, माल सरळ आत सारा. कुठल्याही जाहिरातीत हा गुण ठळक छापला जात नाही. पण शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात उभ्या असलेल्या विमानाला तिथं वीस मिनिटं थांबायचं की दीड तास, हे त्यावरच ठरतं.

पॅकेटची खरी कसोटी लडाखमध्ये लागली. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीच्या दक्षिणेला दौलत बेग ओल्डी इथं पॅकेट उतरवलं. उंची साडेसोळा हजार फुटांहून अधिक. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, पंख्याला पकड कमी. मैदानात पाच-सहा टन हसतहसत नेणारं विमान तिथून रिकामं उठेल का, याचीच चिंता. आपल्या अभियंत्यांनी त्याच सुमारास पॅकेटच्या पाठीवर जादा जेट इंजिन बसवलं, ते या चिंतेपोटी. दोन पिस्टन इंजिनं आणि डोक्यावर एक जेट, असं हे विचित्र दिसणारं विमान लडाखच्या चौक्यांचा बरीच वर्षं आधार होतं. कारखान्यानं दिलेल्या वजनाच्या तक्त्यावर विसंबून बसलो असतो तर त्या चौक्या टिकल्या नसत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लडाखमधल्याच चुशूलला रणगाडे हवे होते. नुकतीच घेतलेली रशियन एएन-१२ विमानं चंदीगडहून '२० लान्सर्स' या रणगाडा रेजिमेंटचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे घेऊन चौदा हजार फुटांवर उतरली. एक रणगाडा म्हणजे सुमारे पंधरा टन. जगात त्या उंचीवर तोवर कुणी रणगाडे नेले नव्हते. एएन-१२ची पैदास मोठ्या पल्ल्याची, पण गरजेपोटी त्यानं शेवटच्या टप्प्याचं काम केलं. असे अपवाद घडतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्या अपवादाच्या भरवशावर पुढच्या खरेदीचा तक्ता बनवला जातो.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कसोटी ११ डिसेंबर १९७१ची. दुसरी पॅराशूट बटालियन, म्हणजे मूळची तिसरी मराठा, दमदम आणि कलाईकुंडा इथून उडाली आणि दुपारी ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ उतरली. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडं माघारी फिरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगली पुलापाशी अडवायची होती. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू नेतृत्वाला, सुमारे सातशे जवान, सोबत जीप, तोफा, दारूगोळा.

त्या दिवशीच्या विमानांची यादी पाहिली तर कुठल्याही नियोजनकाराला घाम फुटेल. सहा एएन-१२, वीस पॅकेट, बावीस डाकोटा, दोन कॅरिबू. चार जातींची पन्नास विमानं, चार वेगवेगळ्या वेगांची, चार वेगवेगळ्या दारांची. जड सामान एएन-१२ आणि पॅकेटमधून मागच्या दारानं, माणसं डाकोटाच्या बाजूच्या दारानं, आणि कॅनेडियन कॅरिबू वाट दाखवायला पुढं. कुणी आखून हे मिश्रण तयार केलेलं नव्हतं. हाताशी जे होतं ते होतं. तरी जमलं, कारण जे विमान ज्याला जमतं तेच काम त्याला दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून धडक मारत आलेली पहिली मराठा लाइट इन्फंट्री, 'जंगी पलटण', पुंगलीच्या पुलावर या छत्रीधाऱ्यांना येऊन मिळाली. आकाशातून आलेले मराठे आणि पायी आलेले मराठे यांची ती गाठ महाराष्ट्रातल्या शाळांच्या पुस्तकांत का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या तुकड्यांत हीच दुसरी पॅरा होती.

पॅकेट आणि डाकोटा गेल्यावर १९८४पासून आलं एएन-३२. सोव्हिएत संघाच्या एएन-२६ला भारताच्या उष्ण हवेसाठी आणि उंच पट्ट्यांसाठी मोठी इंजिनं लावून ते घडवलं गेलं. इंजिनं पंखांच्या वर बसवलेली, म्हणजे पंखे जमिनीपासून दूर राहतात आणि खडी उडून लागण्याचा धोका कमी. भारतानं सव्वाशेच्या आसपास घेतली. कागदावर पावणेसात टन. लेह-थॉइसच्या उंच पट्ट्यांवर ऋतू आणि तापमान पाहून त्यातलं जेवढं परवडेल तेवढं. लेहच्या धावपट्टीवर मालवाहू विमानांची झुंबड सकाळीच का उडते, याचं कारणही हेच. ऊन चढलं, दरीतला वारा सुटला की घेता येणारं वजन घटतं. तिथं दिवस दुपारपर्यंतचाच मोजायचा.

एएन-३२च्या मागच्या फळीची करामत पाहण्यासारखी आहे. ती खाली उतरवली की उतार होतो, जीप वर चढते. पण तीच फळी विमानाच्या पोटाखाली सरकवता येते. मग मागचं तोंड पूर्ण मोकळं होतं आणि ट्रक थेट फरशीला टेकवता येतो. छताला तीन टन पेलणारी सरकती उचलयारी. म्हणजे ज्या पट्टीवर ना क्रेन ना फोर्कलिफ्ट, तिथंही आठ-दहा माणसं विमान रिकामं करतात. अरुणाचलातल्या मेचुका, तुतिंग, विजयनगर अशा पट्ट्यांवर हे गुण उपयोगी पडले. या विमानानं बळीही घेतले: जुलै २०१६मध्ये बंगालच्या उपसागरावर आणि जून २०१९मध्ये मेचुकाच्या वाटेवर गेलेली विमानं अजून विस्मरणात गेलेली नाहीत.

आता सी-२९५. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी १३ सप्टेंबर २०२३ रोजी सेव्हिलला पहिलं विमान ताब्यात घेतलं; चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे. हे विमान आलं ते १९६०च्या दशकापासून उडणाऱ्या अॅव्रोच्या जागी, आणि अॅव्रोच्या मानानं ते सर्व बाबतींत उजवं आहे. मागं फळी, आखूड आणि कच्च्या पट्टीवर उतरण्याची तयारी, सत्तर जवान किंवा पन्नासएक छत्रीधारी, माल नऊ टनांपर्यंत. ११ ऑक्टोबर २०२४ला नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिल्यांदा चाक टेकवलं ते याच विमानानं.

मग खोट कुठं? आतल्या उंचीत. पोटाची लांबी पावणेतेरा मीटर, रुंदी पावणेतीनच्या आत, आणि उंची अवघी १.९ मीटर. सव्वासहा फुटी माणूस ताठ उभा राहिला तर डोकं छताला लागेल. पेट्या, पोती, जवान, स्ट्रेचर यांना ते पुरतं. पण वर बंदुकीचा माळा असलेली गाडी, रडारचा डबा, हेलिकॉप्टरचा मोठा सुटा भाग आला की गाडं अडतं, मग वजन नऊ टनांच्या कितीही खाली असो. अनेकदा विमानाचं पोट भरतं ते वजनानं नव्हे, आकारानं.

नेमका याच मुद्द्यावर अमेरिकेत रणकंदन झालं होतं. अफगाणिस्तान-इराकमध्ये शेवटच्या चौक्यांपर्यंत माल नेताना चिनूक हेलिकॉप्टरं झिजत होती, आणि मोठी सी-१३० अर्धी रिकामी उडत होती. तिथल्या लष्करानं मधल्या आकाराचं विमान मागितलं. २००७मध्ये स्पर्धा झाली. सी-२९५ हरलं आणि इटालियन सी-२७जे जिंकलं. ते आखूड, पण पोट अडीच मीटरहून उंच, सी-१३०साठी बांधलेले मालाचे पाट न सोडता आत घेणारं. ७८ विमानांची योजना ३८वर आली. २०११मध्ये कंदाहारला ती उडाली, आणि २०१२मध्ये अमेरिकी हवाई दलानं जाहीर केलं की हेच काम सी-१३० स्वस्तात करतं. कोरी करकरीत विमानं वाळवंटातल्या साठवण तळावर जाऊन उभी राहिली, पुढं तटरक्षक दलाला आणि विशेष दलांना वाटली गेली. दोन्ही बाजूंचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं. हवाई दल दर टनाचा खर्च मोजत होतं. लष्कर विचारत होतं, माझ्या चौकीवर उद्या सकाळी सहा वाजता पाच टन येतील का? ज्यानं प्रश्न निवडला त्यानं निकालही निवडला.

आपल्याकडं एवढा वाद व्हायलाही जागा नव्हती. अॅव्रोच्या जागी विमान घेण्यासाठी २०१३मध्ये आठ परदेशी कंपन्यांना निविदा पाठवली गेली. बोली आली एकच, टाटा-एअरबसची. तेव्हा सी-२९५ चांगलं की आणखी कुठलं, ही तुलना भारताच्या धावपट्ट्यांवर झालीच नाही. जे मिळालं ते वाईट नाही, हे नशीब म्हणायचं.

कोहमाऱ्यापासून रणक्षेत्र म्हणावं असा सर्वांत जवळचा टापू कुठला, असं विचारलं तर कुणीही दक्षिणेकडे बोट दाखवेल. गडचिरोलीच्या जंगलात चार दशकं बंदुकीची लढाई चालली. तिथं सी-२९५चा काही उपयोग नव्हता, सी-१३०चा तर नाहीच. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागड तुटतं. मग औषधं, जखमी, निवडणुकीतली मतदान पथकं यांचा सारा भार हेलिकॉप्टरवर. चार टनांच्या आसपास नेणारं एमआय-१७ तिथं राजा. टनामागं खर्च विमानापेक्षा जास्त, पल्ला थोडा, पण लागतं ते शाळेच्या पटांगणाएवढं सपाट मैदान. धावपट्टी हवीच असेल तर गोंदियाजवळच्या बिरसीला आहे, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली, आता सुमारे २३०० मीटरची. तिथं वैमानिक शिकतात आणि प्रवासी विमानं येतात. सी-२९५ तिथं आरामात उतरेल, पण उतरलेला माल पुढं कोहमाऱ्यावरूनच, ट्रकनं जाईल.

पुढची खरेदी मात्र याहून मोठी आहे. एएन-३२च्या जागी रशियासोबत वीस टनी विमान बांधायचा संयुक्त प्रकल्प काही वर्षांपूर्वीच बारगळला. डिसेंबर २०२२मध्ये हवाई दलानं १८ ते ३० टन वाहून नेणाऱ्या मध्यम विमानासाठी माहिती मागवली. आकडा ४० ते ८० विमानांचा सांगितला जातो. रिंगणात तिघे: लॉकहीडचं सी-१३०जे, टाटांना सोबत घेऊन, ब्राझीलच्या एम्ब्राएरचं सी-३९०, महिंद्रांसोबत, आणि एअरबसचं ए-४००एम. पहिलं सुमारे वीस टन नेतं, दुसरं सव्वीस, तिसरं सदतीस. सी-१३०जे आपल्या घरचं: फेब्रुवारी २०११मध्ये हिंडनच्या तळावर ते दलात आलं तेव्हा हवाई दलप्रमुख होते नागपूरला जन्मलेले प्रदीप वसंत नाईक, आणि २० ऑगस्ट २०१३ला हेच विमान दौलत बेग ओल्डीच्या १६,६१४ फुटांवर उतरलं. तो पराक्रम निर्विवाद. पण स्पर्धेची गाठ दुसरीकडंच अडकली आहे.

ती गाठ म्हणजे जोरावर. डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी लडाखसाठी बांधलेला हा हलका रणगाडा पंचवीस टनांचा आहे. सी-१३०जेच्या पोटात तो मावण्याचा प्रश्नच नाही. सी-३९०मध्ये सैद्धांतिक मर्यादेच्या काठावर, तेही समुद्रसपाटीच्या हिशेबानं. ए-४००एम नेईल, पण ते महाग आणि मोठं. लडाखातल्या लहान पट्ट्यांवर एका वेळी किती उभी करणार? सध्या जोरावर न्यायचा तर सी-१७ आहे, आणि ती विमानं आपल्याकडं अकराच. बनवणारी कंपनी आता ती बनवत नाही.

या लेखकाचं मत विचाराल तर रणगाड्याच्या मागं धावून मध्यम विमान निवडणं ही चूक ठरेल. रणगाडे युद्धाच्या आधी, सावकाश, सी-१७मधून जातात. युद्ध सुरू झाल्यावर रोज लागतात ते गोळे, डिझेल, बॅटऱ्या, रक्ताच्या पिशव्या, आणि परतीला जखमी. त्यासाठी वीस टनांची चाळीस विमानं सदतीस टनांच्या बाविसांपेक्षा बरी: एक बिघडलं तरी एकोणचाळीस उडतात, आणि पट्टीवर जागा अडत नाही.

करारानुसार वडोदऱ्याहून पहिलं भारतीय सी-२९५ सप्टेंबर २०२६पर्यंत बाहेर पडायचं आहे, शेवटचं ऑगस्ट २०३१पर्यंत. मध्यम विमानाचा निर्णयही याच काळात होईल आणि कारखाना कुठल्या राज्यात, यावर पुन्हा मथळे झळकतील. तो वाद जरूर घालावा. त्यासोबत आपल्या खासदाराला एवढंही विचारावं: जूनमधल्या एका उन्हाच्या सकाळी अकरा वाजता हे विमान लेहच्या पुढं किती टन उतरवेल, आणि ते रिकामं करायला किती मिनिटं लागतील? चाचणीच्या अहवालात हे दोन आकडे असायलाच हवेत.